चूकबाईंचा पाठ

मंगळवार, ४ मार्च.
आकाश स्वच्छ. दूध वेळेवर आले. गुडघा बरा आहे, गोळी घेतली नाही. आज धाकटीचा अंतिम पाठ. न खाताच निघाली होती. दारात अडवून अंडे आणि पाव खायला लावला. निळे कपडे इस्त्री करून ठेवले होते, तरी करडेच घातले. म्हणे निळ्यावर खडू फार दिसतो. धोब्याकडून चादरी आल्या, उशीचा एक अभ्रा बदलून आला आहे, परत पाठवायचा. धाकटी संध्याकाळी नेहमीपेक्षा उशिरा आली. पाठ कसा झाला विचारले. "झाला," म्हणाली. अर्धा चहा तसाच टाकला.

ताईची डायरी अशीच असते. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी लावलेली सवय म्हातारपणापर्यंत टिकली. नवरा गेला त्या दिवसाच्या पानावरसुद्धा हवामान आधी आहे. धाकटीला, म्हणजे तिच्या बहिणीला, या सवयीचं लहानपणापासून हसू यायचं. "ताई, जगबुडी झाली तरी तू आधी दूध किती वाजता आलं ते लिहिशील," ती म्हणायची. ताई टोपण काढत शांतपणे म्हणायची, "जगबुडीच्या दिवशी दूध आलं, हे कोणीतरी लिहून ठेवायला नको का?"

पण त्या मंगळवारी "झाला" या एका शब्दाच्या मागे काय होतं, ते डायरीत आलं नाही. ते धाकटीजवळच राहिलं.

धाकटी शिक्षिका झाली ती अपघाताने. आधी ती लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायची. भुशाने भरलेली खोली, उंच स्टूल, आणि बाहेर दिवसभर करवतीचा आवाज. गल्लीच्या टोकाला माध्यमिक शाळा होती. तिथले गणिताचे गुरुजी आजारी पडले आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, फळीचे भाव विचारायला वखारीत आल्या होत्या. धाकटीने तिरक्या कापाच्या फळ्यांचा हिशेब कागद न घेता सांगितला.  मोठ्या बाई म्हणाल्या, "महिनाभर सातवीला गणित शिकवाल का हो? गुरुजी बरे होईपर्यंत."

गुरुजी बरे झाले नाहीत. धाकटी राहिली ती राहिलीच.

पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून फळ्यावर चूक झाली. खरीखुरी चूक, घाबरल्यामुळे झालेली. वर्ग नेहमीसारखा पेंगत होता. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "बाई, ते नऊ पाहिजे." आणि बघता बघता अख्खा वर्ग उठून बसला. कोणी म्हणे नऊ, कोणी म्हणे नाही नाही, बाईंचंच बरोबर. दोन मुलं फळ्यापाशी येऊन भांडायला लागली. घंटा झाली तरी कोणी बाहेर जाईना. धाकटी घरी आली ती लाजून नाही, चक्रावून. ताईला म्हणाली, "अगं, बरोबर शिकवलं तेव्हा झोपली होती मेली. चुकले तर जागी झाली!"

तेव्हापासून ती रोज एक चूक मुद्दाम करायची. ती घरी बसून ठरवायची. फार सोपी नको, नाहीतर मुलांना वाटायचं बाई आपल्याला कुक्कुलं बाळ समजतात. फार अवघड नको. मुलं नेमकी जिथे पाय घसरून पडतात, तिथलीच हवी. ज्याला चूक सापडेल त्याच्या हातात खडू. वर्गात आरोळी उठायची, "बाई, चूक! चूक!" शेजारच्या वर्गातले गुरुजी दार लावून घ्यायचे. मुलांनी तिचं नाव 'चूकबाई' ठेवलं आणि ते तिच्यापासून लपवायचीही तसदी घेतली नाही.

अंतिम पाठ झाला त्या वर्षी सातवीत सगळ्यांत आधी आरोळी ठोकणारी एक बारीक चणीची मुलगी होती. समोरच्या बाकावर बसायची. नुसती चूक सांगून तिचं भागायचं नाही. का चूक, कशी चूक, बाईंनी आधी काय सांगितलं होतं, सगळं हातवारे करत मांडायची. धाकटीने तिला 'वकीलबाई' म्हणायला सुरुवात केली.

ती सातवीत येण्याच्या आदल्या वर्षी नियम आला. शिक्षणशास्त्राची पदवी नाही त्याला वर्ग नाही. ज्यांनी अभ्यास सुरू केला असेल त्यांना तो पुरा होईपर्यंत सवलत, पुढे नाही. धाकटी चाळिशी ओलांडलेली. तिने संध्याकाळच्या महाविद्यालयात नाव घातलं. बाकीचे विद्यार्थी तिच्यापेक्षा इतके लहान की पहिल्या दिवशी ती आत शिरली तेव्हा सगळे उभे राहिले. त्यांना वाटलं, शिकवायला आल्या. पुढे ते तिला मावशी म्हणू लागले आणि गणिताच्या तासाला तिच्या शेजारी जागा धरण्यासाठी धडपडू लागले.

घरी ताई विद्यार्थी व्हायची. जेवणाचं टेबल पुसून ती हाताची घडी घालून बसायची आणि धाकटी कपाटाच्या दारावर खडूने लिहायची.

"हे बघ ताई, कंसाच्या बाहेर वजा आहे. हा वजा म्हणजे तिरसट सासरा. तो आत शिरला की घरातले सगळे तोंड फिरवतात. अधिकचा वजा होतो, वजाचा अधिक."

"सगळे?"

"सगळे. एकही सुटत नाही."

"माझे सासरे तिरसट नव्हते हो," ताई म्हणायची. "आणि सिस्टरनी आम्हाला प्रार्थना शिकवली, भरतकाम शिकवलं. कंस कधी उघडले नाहीत." पण कपाटावरचं गणित ती दुसऱ्या दिवशीपर्यंत पुसायची नाही.

महाविद्यालयात पाठ बसवून घेणाऱ्या सरांना सगळे टाचणसर म्हणत. पाठटाचण, म्हणजे तासात कोणत्या मिनिटाला काय करायचं त्याचा लिखित आराखडा, हा त्यांचा प्राण. माणूस मनाने चांगला होता. धाकटीच्या टाचणात 'येथे हेतुपुरस्सर चूक' असं वाचून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, तुमच्या वर्गात तुम्ही काय करता ते मी पाहिलंय. मला आवडलंसुद्धा. पण अंतिम पाठाला बाहेरचे परीक्षक येणार. त्यांना तुम्ही नवीन, मुलं नवीन. एक दिवस सरळ शिकवा. पदवी हातात पडली की जन्मभर चुका करा."

धाकटी हसली. तिने ती ओळ खोडली आणि टाचण नव्याने लिहून दिलं. सगळे लेखी पेपर ती चांगल्या गुणांनी पास झाली होती. उरला होता हा एक पाठ. त्यात पास झाली तर सातवीचा वर्ग कायमचा तिचा. नाही झाली तर पुन्हा संधी वर्षभराने, आणि तोवर जागा दुसऱ्याची.

त्या मंगळवारी ती आपल्या सातवीच्या वर्गात शिरली आणि मुलं एकसाथ उभी राहिली. इतकी शिस्त तिने कधी पाहिली नव्हती. केस विंचरलेले, हात बाकावर. मागे भिंतीशी खुर्च्यांवर टाचणसर आणि बाहेरचे परीक्षक. परीक्षक वयस्कर, गळ्याशी मफलर, मांडीवर लिहायची पाटी.

धाकटीने सरळ शिकवायला सुरुवात केली. फळ्यावर अक्षर सुंदर आलं. प्रश्न विचारला की एक हात वर व्हायचा, उत्तर बरोबर यायचं, हात खाली. सासऱ्याचा विनोद केला तर मुलं एकदम हसली आणि एकदम थांबली. जणू कुणी कळ दाबली. वर्ग थंडगार होता.  हा आपला वर्ग नव्हे, ही आपली मुलं नव्हेत, आपण भिंतीला शिकवतोय, असं तिला वाटू लागलं. मागे परीक्षकांनी जांभई दाबली.

तेव्हा तिचा हात आपोआप जुन्या वाटेने गेला. फळ्यावर होतं, बारा वजा कंसात क्ष वजा चार, बरोबर दहा. तिने कंस उघडला आणि लिहिलं: बारा वजा क्ष वजा चार. सासरा आत शिरला होता, एकाने तोंड फिरवलं होतं आणि दुसरा तसाच बसून होता. गेल्या आठवड्यात हीच चूक वर्गाने एका दमात पकडली होती.

ती वळली आणि आरोळीची वाट पाहत उभी राहिली.

कोणी बोललं नाही.

तिने वकीलबाईकडे पाहिलं. वकीलबाईने ओठ घट्ट मिटले होते आणि ती बाकाच्या कडेकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"बरोबर आहे ना?" धाकटीने विचारलं. तिने 'ना' लांबवला. एरवी तो लांबलेला 'ना' ऐकला की वर्गात नुसता दंगा व्हायचा.

"हो, बाई!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

परीक्षकांनी मान वर करून फळ्याकडे पाहिलं आणि पाटीवर काहीतरी लिहिलं. टाचणसर खिडकीबाहेर बघू लागले.

अजूनही वाट होती. "चला, ताळा करून पाहू," ती म्हणाली.  चुकीच्या पायरीवरून पुढे गेलं की क्ष उणे दोन येतो. तो जागेवर घालून पाहिला तर दहाच्या जागी अठरा आले. "अरेच्चा, अठरा? दहा यायला हवे होते. मग कुठे गडबड झाली?"

वर्ग गप्प. मग कडेच्या बाकावरचा एक गोबऱ्या गालांचा मुलगा, ज्याला आयुष्यात कधी हात वर करायची हिंमत झाली नव्हती, धीर देत म्हणाला, "असू द्या ना, बाई."

परीक्षकांनी तेही लिहून घेतलं.

शेवटी तिने स्वतःच चूक सुधारली, क्षची किंमत सहा काढली, ताळा केला. घंटा झाली.

व्हरांड्यात वकीलबाई धावत आली. धापा टाकत तिने धाकटीचा हातच धरला. "बाई, कोणी बोललं का? एक तरी बोललं का? मी सगळ्यांना सकाळीच दम दिला होता. आज बाईंची परीक्षा आहे, बाहेरचे साहेब येणारेत, बाई चुकल्या तरी कोणी चूक काढायची नाही. जो काढील त्याच्याशी कट्टी, वर्षभर! मला पण दिसली होती चूक. जीभ चावून बसले मी!" आणि तिने खरंच जीभ बाहेर काढून दाखवली.

 धाकटीने तिचे केस कानामागे सारले. "शहाणी गं माझी," ती म्हणाली.

अहवाल आला तो थोडक्यात होता. शिक्षिकेकडून आशयाची चूक. विद्यार्थ्यांनी चुकीच्या पायरीस एकमुखाने मान्यता दिली. उत्तर बरोबर की चूक याविषयी वर्ग उदासीन. संकल्पना रुजलेली नाही. पाठ अनुत्तीर्ण.

मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावून दार लावलं. "हे असं कसं झालं? तुमचा वर्ग? मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही."

धाकटीने सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी आधी कपाळावर हात मारला, मग त्या चक्क हसल्या. "अहो, मग यात रडायचं काय? मी परीक्षकांना ओळखते, माणूस सरळ आहे. टाचणात ती चूक लिहिलेली नाही, तेव्हा नुसत्या आपल्या किंवा टाचणसरांच्या शब्दावर ते मानायचे नाहीत. गुरुवारी त्यांना बोलावते. दोन-तीन मुलं त्यांच्यासमोर उभी करू. ती मुलगी आहे ना, वडाची साल पिंपळाला लावणारी? ती दोन मिनिटांत पटवील त्यांना. पाठ पुन्हा घेतील ते, मी सांगते."

"मुलांना काय सांगून उभं करायचं?"

"काय म्हणजे? खरं काय ते."

"की तुम्ही गप्प बसलात म्हणून बाई नापास झाल्या?"

 मोठ्या बाईंनी टेबलावरची पेन्सिल इकडची तिकडे ठेवली. "मुलं आहेत हो. चार दिवसांत विसरतील."

"ही विसरणार नाही," धाकटी म्हणाली.

"विचार करा. बुधवारपर्यंत सांगा. माझ्या हातात तेवढंच आहे."

घरी ताई भाजी चिरत होती. सगळं ऐकून तिने सुरी खाली ठेवली.

"उभी कर मुलांना."

"नाही."

"का नाही? चोरी करायला सांगतेस का त्यांना? खरं बोलायला सांगतेस."

"ताई, त्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची जीभ आवरली. कशासाठी? माझ्यासाठी. तिला वाटतंय तिने मला तारलं. आता मी तिला जाऊन सांगू की तूच मला बुडवलंस?"

"इतक्या स्पष्ट शब्दांत नको सांगू."

"कुठल्याही शब्दांत सांगितलं तरी तिला कळेल. वकील आहे ती."

"आणि तू? दोन वर्षं ऊन म्हणाली नाहीस, थंडी म्हणाली नाहीस, त्या पोरासोरांच्या बाकावर बसलीस. ते सगळं एका पोरीच्या मनासाठी पाण्यात? मोठी लागून गेली आहेस त्यागमूर्ती!" ताईचा आवाज चढला. तो सहसा चढत नसे.

"त्यागबिग काही नाही," धाकटी म्हणाली. "मला भीती वाटते. ती बारा वर्षांची आहे. हे ओझं तिच्या डोक्यावर ठेवून मी रोज तिच्यासमोर उभी कशी राहू? पास होईन, वर्ग मिळेल, आणि समोरच्या बाकाकडे मला बघता यायचं नाही."

 बुधवारी दुपारी ताई बाहेर जायचे कपडे घालून, बूट चढवून, पिशवी घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. धाकटी अर्ध्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिने विचारलं, "कुठे निघालीस?"

"तुझ्या मोठ्या बाईंकडे. तुला जमत नसेल तर मी सांगते त्यांना, आण मुलांना म्हणून."

"मग गेली का नाहीस?"

"बसले आहे मघापासून," ताई म्हणाली. थोड्या वेळाने तिने वाकून, गुडघा सांभाळत, बुटाची नाडी सोडली. धाकटी खाली बसली आणि तिने दुसऱ्या पायाचा बूट काढला.

शाळेत तिने मोठ्या बाईंना नाही म्हणून सांगितलं.

उरलेले आठवडे तिने वर्ग नेहमीसारखा चालवला. किंवा तसा प्रयत्न केला. ती रोज एक चूक करायची. पण आता मुलं आधी दाराकडे बघायची, कोणी आहे का. मग एकमेकांकडे. मग कोणीतरी अदबीने हात वर करून म्हणायचं, "बाई, रागावणार नसाल तर सांगू?" धाकटी म्हणायची, "अरे, ओरडा! शेजारचे गुरुजी दार लावायला विसरले आहेत!" मुलं हसायची, पण ओरडायची नाहीत. ती सगळी मोठी झाली होती, आणि धाकटीच्या डोळ्यांदेखत झाली होती. माणसाला सांभाळून घ्यायचं असतं, हे त्यांना कळलं होतं, आणि कळलेलं परत काढून घेता येत नाही. एकदा तिने सोपी, ढळढळीत चूक केली, पहिलीतल्या मुलालाही दिसेल अशी. सगळे तिच्याकडे अशा मायेने बघत राहिले की तिने पाठ फिरवून ती स्वतःच पुसली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिने सांगितलं की पुढच्या वर्षी गणिताला नव्या बाई येतील.

"का? तुम्ही कुठे जाणार?" वकीलबाई उभीच राहिली. "पास झालात ना?"

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. गोबऱ्या गालांच्या मुलाने दोन्ही मुठी आवळल्या होत्या.

"तुम्ही सगळे असताना मी नापास कशी होईन?" धाकटी म्हणाली.

वर्गात टाळ्या पडल्या, बाक वाजले. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" वकीलबाई मागे वळून कुणाला तरी म्हणाली. "मग मोठ्या शाळेत जाणार असाल. पदवी मिळाली की मोठ्या शाळेत बोलावतात, माझा काका सांगतो."

"असंच काहीसं," धाकटी म्हणाली.

वखारीतली जागा रिकामीच होती. मालकाने जुनं स्टूल पुसून दिलं आणि म्हणाला, "बरं झालं बाई आलात, तुमच्यामागे हिशेबाचं पार वाटोळं झालं." पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा केसांत भुसा होता. ताईने तो निपटून काढला. 

"पुढच्या वर्षी पाठ पुन्हा देता येईल," ताई एवढंच म्हणाली.

"येईल."

"देशील?"

"बघू."

ताईला धाकटीचं 'बघू' माहीत होतं. लहानपणी सायकल शिकताना पडली तेव्हाही ती बघू म्हणाली होती, आणि मग जन्मभर पायीच चालली.

ताईने टेबल पुसलं, दिव्याखाली खुर्ची ओढली आणि डायरी उघडली. धाकटी समोर बसून ताटलीतल्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. पेन बराच वेळ कागदावर टेकलं नाही. नंतर ताईने एका दमात लिहिलं, टीपकागद दाबला आणि वही तशीच उघडी ठेवून ती हात धुवायला गेली. धाकटीने मान वाकडी करून वाचलं.

ढगाळ. हवा कुंद. वाटाणे पिशवीभर आणले, निम्मे किडके निघाले.